टाचेखालचं कापड

७ मार्च

ताई,

पाया पडते असं समज. वाकणं जमणार नाही, टाच सोलली आहे. लेकीने नवे बूट घेऊन दिले, म्हणे आई तुझ्या त्या चपला इथे परमुलखात चालत नाहीत. चपला चांगल्या चालत होत्या. बुटांनी मला चालू दिलं नाही.

मी निघताना तू म्हणाली होतीस, फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि सूनबाई कानाशी उभी असते, तेव्हा सगळं कागदावर लिही, काही गाळू नकोस. तर लिहिते. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, चुका काढत बसू नकोस. ब्लाऊजच्या काढतेस तेवढ्या पुरे.

काल ती देवस्थानांची सहल झाली एकदाची. लेक बाळाजवळ, जावई कामावर, म्हणून मला एकटीलाच बसमध्ये बसवून दिलं. गळ्यात लेकीच्या नंबराची पाटी, जत्रेत पोरांना अडकवतात तशी. बसमध्ये एक बाई लाल छत्री घेऊन आली. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला म्हटलं. तर ती छत्री उंच धरून पुढे चालते आणि आपण मेंढरांसारखं मागून जायचं. काय बोलते ते मला एक अक्षर कळलं नाही, पण ती शिट्टी वाजवायची ते कळायचं.

पहिल्यांदा घुमट. तो म्हणे जगात नावाजलेला आहे. आत गेल्यावर सगळे माना वर करून चालतात आणि एकमेकांच्या पायावर पाय देतात. वर सोन्याची नक्षी, एवढी बारीक की कारागिराचे डोळे गेले असतील. उजेड वरून असा येतो, जसा आपल्या दुकानात दुपारी पत्र्याच्या भोकातून येतो, फक्त इथे भोकं मुद्दाम ठेवली आहेत. मी तरी काय बघितलं असेल. तिथले लाल मखमलीचे पडदे. तीन पुरुष उंच असतील, आणि खालची दुमड वाकडी. एवढ्या मोठ्या देवाच्या घरी दुमड वाकडी. तू असतीस तर कात्री मागितली असतीस. माझ्या शेजारी एक टोपीवाला म्हातारा होता, त्याला बोटाने दाखवलं. त्याला वाटलं मी त्याला पडद्याचा फोटो काढायला सांगते आहे. त्याने काढला.

मग टेकडीवरचं देऊळ. पायऱ्या संपता संपेनात. बूट खाली काढून ठेवायचे होते त्याचं बरं वाटलं, पण पायऱ्या तापलेल्या. माणसं वर जाताना देवाचं नाव घेतात, मी जावयाचं घेत होते, सहलीचं तिकीट त्याने काढलं होतं. वर वारा छान. सगळं गाव दिसतं. आत अंधार आणि तेलाचा वास, देव कुठे आहे ते कळायच्या आत शिट्टी वाजली.

शेवटी तुझा दगड. आपल्या गिऱ्हाईक, त्या बँकेतल्या बाईंनी सांगितला होता तोच, कापड टेकवलं की दुखणं जातं म्हणाल्या होत्या. खूप लोक होते. रांगेत उभी राहिले, तुझं कापड टेकवलं. टेकवलं तेव्हा ते गरम झालं. कापड माझ्याजवळ ठेवते, पोस्टात हरवायचं.

आता तुझ्या बोलीप्रमाणे डॉक्टरीणबाईंकडे जा. काखेतली गाठ ही काही बटण नाही की पुढच्या महिन्यात लावू. कापड दगडाला लागलं की जाईन म्हणाली होतीस. लागलं. जा.

तुझी ठिणगी

--

१९ मार्च

ठिणगे,

अनेक आशीर्वाद, टाचेलाही.

तुझं पत्र दुकानात बसून वाचलं. पडद्याच्या दुमडीला एवढी हसले की सूनबाई चहा घेऊन आली ती बघतच राहिली. तिला काही सांगितलं नाही. गाठीचं तुला आणि मला दोघींनाच ठाऊक आहे आणि तसंच राहू दे. तू माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आहेस. तुझ्या भावोजींना सांगितलं तर ते जेवायचे बंद होतील, आणि सूनबाई माझ्या हातातली कात्री काढून घेईल.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घुमटाचं तू पानभर लिहिलंस, पायऱ्यांचं लिहिलंस, आणि दगडाचं अगदी थोडक्यात. मी म्हटलं, हिची वाचा बसलेली दिसते. कधी नव्हे ती ठिणगी गप्प झाली म्हणजे तिथे काहीतरी असणारच. ते गरम झालं म्हणालीस ते मी परत परत वाचलं. पत्र आलं त्याच रात्री गाठीला हात लावून बघितला. ठिणगे, मऊ लागते. आधी सुपारीसारखी होती, आता तशी नाही.

डॉक्टरीणबाईंकडे मंगळवारी जायचं ठरलं होतं. मी म्हटलं थोडं थांबू. जे आपोआप विरघळतंय त्याला सुई कशाला टोचून घ्यायची. महिनाभर बघते.

कापड मात्र पाठवून दे. हरवणार नाही. मी ते आतून टाक्याने लावून घेईन, त्या जागी. तुझ्याकडे ठेवून त्याचा काय उपयोग, तुला थोडीच गाठ आहे.

दुकानात काम भरपूर. तुझ्या मशीनवर नवी मुलगी बसवली होती, तिने दोन दिवसांत तीन सुया मोडल्या. तिला परत पाठवलं. मशीन तुझी वाट बघते.

ताई

--

३० मार्च

ताई,

पाया पडते.

महिनाभर काय बघतेस. मी काय लिहिलं होतं आणि तू काय केलंस. कापड लागलं की जाईन असं ठरलं होतं, कापड लागलं की जाणार नाही असं नाही. उद्याच्या उद्या जा. दगड दगडाचं काम करील, डॉक्टरीणबाई त्यांचं करतील, दोघांत भांडण लावून तुला काय मिळणार आहे.

आणि ते गरम झालं ते एवढं धरून बसू नकोस. तिथे ऊन होतं. माणसांची गर्दी होती. गर्दीत सगळंच गरम होतं. मला तसं वाटलं असेल.

कापड पाठवत नाही. सांगितलं ना, हरवेल. मी येताना घेऊन येते.

इथे सगळं ठीक. शेजारणीच्या पँटी आखूड करायला घेतल्या आहेत, लेकीने जुनं मशीन कुठून तरी आणून दिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसते, खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते आणि एक पाइप. काल एकाच पँटीत दोनदा सुई मोडली आणि नंतर कळलं की पाय आत-बाहेर उलटा शिवला आहे. मी, जी झोपेतसुद्धा सरळ शिवते. लेक म्हणाली आई तुझं लक्ष कुठे आहे. मी तिला म्हटलं तुझ्या बाळाच्या रडण्यात. बाळ झोपलेलं होतं.

साखर पेरून बोलायला मला येत नाही तुला माहीत आहे. तेव्हा एकदाच सांगते, जा.

ठिणगी

--

१० एप्रिल

ठिणगे,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं आणि मग हसू आलं. हे तुझं नेहमीचं. चांगलं काही झालं की तुला त्यात खोट दिसते. पहिल्या पत्रात मोकळ्या मनाने लिहिलंस, मग तुझं डोकं चालू झालं, म्हणे ऊन होतं. मी पहिल्या पत्रावर विश्वास ठेवला आहे. ते तू न विचार करता लिहिलेलं.

दवाखान्यात सांगून टाकलं, येत नाही. मन एकदम हलकं झालं. रात्री झोप लागते. हात वर केला की थोडं ओढतं, पण दिवसभर कात्री चालवल्यावर कुणाचं नाही ओढत.

आता गंमत ऐक. गाठीचं नाही, पण कापड गरम झाल्याचं मी बँकेतल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या आमच्या वेळी असं काही झालं नव्हतं, तुमच्या बहिणीचा हात चांगला आहे. हे दुकानात पसरलं. आता गिऱ्हाईकं ब्लाऊज टाकायला येतात आणि विचारतात, तुमची धाकटी परत त्या दगडाकडे जाणार आहे का. मी नाही नाही म्हणत होते, पण दोघींना नाही म्हणता आलं नाही. सोबत दोन चिंध्या पाठवते. पिवळी आहे ती शाळेतल्या बाईंची, त्यांना मूल होत नाही. हिरवी आहे ती कोपऱ्यावरच्या आजींची, त्यांचा मुलगा बोलत नाही त्यांच्याशी. जमलं तर त्याही टेकवून आण. तुझ्या लेकीला सांग परत एकदा बसमध्ये बसवून द्यायला. त्या दिवसासारखीच शांतपणे रांगेत उभी राहा.

आणि माझं कापड पाठव. दुसऱ्यांदा सांगते आहे.

ताई

--

२१ एप्रिल

ताई,

आधी बस. हातात कात्री असेल तर खाली ठेव.

फोनचं आधी सांगते, कारण पत्र पोचेल तेव्हा ते तुला कळलेलंच असेल. काल मी सूनबाईला फोन केला आणि तुझ्या काखेतल्या गाठीचं सगळं सांगून टाकलं. कधीपासून आहे, कुठे आहे, दवाखान्यात तू कशी नाही म्हणून सांगितलंस. ती एवढंच म्हणाली, मावशी, मी आजच नेते. चांगली पोर आहे, तू उगाच तिला नावं ठेवतेस. तर तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी मोडली. पत्राला दहा दिवस लागतात आणि माझ्यामुळे आधीच सहा आठवडे गेले, आणखी दहा दिवस मी घालवणार नव्हते.

आता माझ्यामुळे म्हणजे कसं ते ऐक.

मी कापड दगडाला टेकवलं नाही. मी दगडापर्यंत गेलेच नाही.

घुमटाच्या इथेच बुटांनी टाच सोलली. बसमध्ये येऊन बसले तेव्हा मोजा ओला झाला होता. पर्समध्ये हात घातला. माझ्या पर्समध्ये काय असतं तुला ठाऊक आहे, आयुष्यभर चिंध्याच असतात, गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा, दोऱ्याला रंग जुळवायला ठेवलेला तुकडा. हाताला लागली ती चिंधी घेतली, घडी केली, टाचेखाली सारली आणि बूट चढवला. बघितलं नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईला चिंधी बघावी लागत नाही. टेकडीच्या पायथ्याशी बूट काढून ठेवले तेव्हा ती बुटातच राहिली.

मग दगड. आत अंगण आहे, आणि अंगणात रांग वेटोळी घालून बसलेली, तोंड कुठे, शेपूट कुठे ते कळेना. मी उभी राहिले. किती वेळ ते विचारू नकोस, फार नाही. रांग हलेना. मागच्या एका बाईने मला ढकललं, मी तिला आपल्या भाषेत दोन शब्द ऐकवले, तिने तिच्या भाषेत मला चार ऐकवले. पाय ठणकत होता. मी म्हटलं मरू दे. आणि मनात काय आलं तेही लिहिते, लिहायला हात धजत नाही पण लिहिते. मनात आलं, ताईला कुठे कळणार आहे.

बाहेर आले. रस्त्याच्या कडेला पायरी होती तिथे बसले, बूट सैल केले, लेकीने दिलेला पाव खाल्ला. टोपीवाला म्हातारा पण बाहेरच बसला होता, त्याने मला पाणी दिलं. उन्हात पाय पसरून बसले होते आणि मला बरं वाटत होतं. सगळ्यात वाईट हेच आहे, ताई. तू तिकडे वाट बघत होतीस आणि मला बरं वाटत होतं. उठताना विचार केला की निदान बाहेरच्या भिंतीला तरी कापड लावू, तीही त्याच दगडाची असेल. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि मी तेही विसरले.

घरी येऊन बूट काढला. आतून चिंधी पडली. निळ्यावर पांढरे ठिपके. तुझ्या ब्लाऊजच्या डाव्या मुंढ्यातून, काखेखालून, तू माझ्यासमोर कापलेला तुकडा. त्यावर माझं रक्त लागलं होतं. उचलला तर गरम होता. दिवसभर माझ्या टाचेखाली होता, गरम नाही तर काय असेल. तेच तुला लिहिलं. म्हटलं एवढी एक गोष्ट तर खरी आहे, तेवढी लिहू. त्या एका खऱ्या गोष्टीने सगळा घात केला.

मला वाटलं होतं खोटं लिहिलं की तू डॉक्टरकडे जाशील आणि मग ते कुणाला कळायचं कारण नाही. तू गेली नाहीस. मग खरं लिहायला बसले तर हात दुसरंच लिहायचा. ऊन होतं, गर्दी होती. मागच्या आठवड्यात मी तसल्याच ठिपक्यांचं कापड दुकानात शोधत होते, तुला तुकडा पाठवून मोकळी व्हायला. एका दुकानात मिळालंसुद्धा. हातात धरून उभी राहिले आणि ठेवून दिलं. चांगुलपणा म्हणून नाही. तुला एका नजरेत कळलं असतं, तू तुझं कापड ओळखलं नाहीस असं कधी झालं नाही.

मऊ लागते म्हणालीस ती गाठ मऊ झालेली नाही. मी तुला तसं वाटायला लावलं. जा, ताई. माझ्यावर चिडून जा, पण जा.

पाया पडायची आज लायकी नाही.

ठिणगी

--

१४ मे

ताई,

पत्र नाही. फोन केला तर सूनबाई म्हणते आई झोपल्या आहेत. दुपारी केला तरी झोपल्या आहेत, सकाळी केला तरी झोपल्या आहेत. तू आयुष्यात कधी दुपारी झोपलेली मी बघितली नाही. काय झालं विचारलं तर म्हणते, आईंनी सांगितलंय की मावशीला मीच लिहीन.

मग लिही. दोन शिव्या लिही. कोरा कागद पाठव, मला पत्ता तुझ्या अक्षरात दिसला तरी पुरे.

ठिणगी

--

६ जून

ठिणगे,

हे पत्र हळूहळू लिहिते आहे, चार-पाच दिवस लागतील. डावा हात कागदावर ठेवायला जमतो, उचलायला जमत नाही.

तुझं ते पत्र आलं त्याच्या आधीच सूनबाई मला दवाखान्यात घेऊन गेली होती. मी आरडाओरडा केला. भावोजी तुझे मधे पडले, त्यांनाही बोलले. मग पत्र आलं. वाचलं आणि उठले, दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांच्या कापडांचा सगळा ढीग तुझ्या मशीनवर टाकला. दिसू नये म्हणून. पंधरा दिवस तो ढीग कुणाला हलवू दिला नाही. बिचारी गिऱ्हाईकं विचारायची आमचा ब्लाऊज कुठे आहे, मी म्हणायची त्या ढिगाखाली आहे, मिळेल तेव्हा मिळेल.

राग कसला आला सांगू का. रांग सोडलीस त्याचा नाही. तू रांगेत उभी राहशील असं मला खरं म्हणजे वाटलंच नव्हतं. रेशनच्या रांगेत सुद्धा तू कधी शेवटपर्यंत उभी राहिली नाहीस, मीच उभी राहायची. ताईला कुठे कळणार आहे, त्याचा आला. ते वाचलं आणि वाटलं, हिने मला गिऱ्हाईक केलं. आपण एखादीला म्हणतो ना, अस्तर हलकं लावलं तरी हिला कुठे कळतंय. तसं.

ऑपरेशन झालं. डावी बाजू सगळी काढली. तुला माहीत आहे, मी मापाची बाई, आरशात बघितलं आणि पहिल्यांदा मनात काय आलं तर आता दोन्ही बाजू सारख्या कापून चालणार नाही. रडू नंतर आलं.

आता तू विचारशील म्हणून आधीच लिहिते. सहा आठवडे आधी गेले असते तर काय झालं असतं, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. सूनबाईने विचारलं असावं, तिच्या तोंडावरून वाटतं. पण तिने मला सांगितलं नाही आणि मी तिला विचारणार नाही. तूही विचारू नकोस. फोनवर तिच्याकडून काढून घ्यायला जाशील, तुझा स्वभाव आहे. नको.

आणि सगळं तुझंच होतं असंही समजू नकोस, तेवढी मोठी होऊ नकोस. मी सुईला भीत होते. दगड हे निमित्त होतं. गाठ कधीच मऊ झाली नव्हती, मला ते हाताला कळत होतं. कापड हाताला लावून जात ओळखणारी मी, माझ्या अंगातली गाठ मला कळणार नाही का. तुझं एक वाक्य धरून बसले कारण मला ते हवं होतं. तुझी समजूत काढायला लिहीत नाही. राग गेलेला नाही. फक्त अर्धा माझ्यावर आहे.

दवाखान्यातून एक तयार गादी दिली आहे, ब्लाऊजच्या आत घालायला. प्लॅस्टिकसारखी, घामाने चिकटते, आणि आकार असा की जगातल्या सगळ्या बायका एका साच्यातून निघाल्यासारख्या. कापणाऱ्याचा हात लागलेला नाही त्याला. ती घालून मी एक दिवस दुकानात बसले आणि काढून फेकली. आता एका बाजूला ब्लाऊज रिकामा, हवा गेल्यासारखा. गिऱ्हाईकं बघत नाहीत असं दाखवतात.

तेव्हा एक काम सांगते. माझं ते ठिपक्यांचं कापड तुझ्याकडे आहे ना. आलीस की त्याची गादी कर. आत कापूस भर, आणि अंगाला लागेल ती बाजू त्या कापडाची ठेव. तुकडा लहान आहे, जोड द्यावा लागेल, जोड बाहेरच्या बाजूला दे. रक्ताचा डाग निघाला नाही तरी चालेल. दगडाला लागलं नाही तर नाही, दिवसभर तू त्याच्यावर उभी राहिलीस. घुमटात तुझ्या पर्समध्ये गेलं, टेकडीच्या पायथ्याशी तुझ्या बुटात होतं.

तुझ्या मशीनवरचा ढीग सूनबाईने उचलला. मी काही बोलले नाही.

ताई

--

१७ जून

ताई,

पाया पडते. टाच बरी झाली आहे, वाकून पडते.

पत्र वाचलं. विचारणार नाही. ते न विचारता जगायचं आहे हे कळलं.

तुला न सांगता मी एक काम केलं होतं ते सांगून टाकते, आता लपवायला माझ्याजवळ काही ठेवायचं नाही. तुझं पत्र येत नव्हतं तेव्हा मी एकटीच परत त्या दगडाकडे गेले. छत्रीवालीशिवाय. गळ्यात पाटी घालून, चुकीच्या बसमध्ये बसून, परत उतरून. जुन्या चपला घालून गेले. रांगेत उभी राहिले. पुढची म्हातारी बसकण मारायची तेव्हा मीही मारायची, ती उठली की उठायची. कुणाशी भांडले नाही, विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. ऊन उतरलं तेव्हा माझा नंबर आला. दगडात हातांनी झिजून खळगा पडला आहे, वाटीएवढा, कडा अगदी गुळगुळीत. पिवळी चिंधी टेकवली, हिरवी टेकवली. शाळेतल्या बाईंना आणि आजींना सांग की लागल्या, आणि त्यांना हेही सांग की काही गरम होत नाही. मी तळहात पूर्ण आत ठेवून बघितला. दगड थंड आहे. चांगला थंड आहे.

तुझं कापड पर्समध्ये होतं. काढलं आणि परत ठेवलं. आता टेकवलं असतं तर ते तुझ्यासाठी नव्हे, मला झोप लागावी म्हणून टेकवलं असतं. एवढं मला कळलं. मागचे लोक ओरडायला लागले तशी बाजूला झाले.

कापड दोनदा धुतलं. डाग फिकट झाला, गेला नाही. जोडाला मी त्या दुकानातलं तसल्याच ठिपक्यांचं कापड घेणार नाही, माझ्या जुन्या निळ्या ब्लाऊजचं लावते, तेही मऊ पडलं आहे. कापूस तिकडचाच घेऊ, पिंजून. आकार मी पोचल्यावर करीन, उजवीकडचं माप घेऊन आणि तुला समोर उभी करून. पहिली गादी बिघडेल. दुसरीही बिघडेल कदाचित. तू चुका काढ.

मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी निघते. दुकानात टेप कुठे ठेवला आहेस तो काढून ठेव, आणि आरशासमोरचं स्टूल. मला माहीत आहे, कुणी माप घ्यायला लागलं की तू सवयीने दोन्ही हात वर करतेस. या वेळी करू नकोस. डावा हात खालीच राहू दे, माझ्या खांद्यावर टेकव. मी खालून माप घेईन.

ठिणगी